सर्व्हर मागवण्याआधी कागद मागवा

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात कॅमेऱ्यानं माल तपासण्यासाठी जीपीयू (एआयची गणितं करणाऱ्या चिपचा) सर्व्हर घ्यायचा आहे. सिंगापूरचा पुरवठादार ‘एंड-यूज’चं (माल कुठे, कशासाठी वापरणार याचं) पत्र मागतो. अमेरिकेचा एआय चिपचा नियम २०२५मध्ये रद्द झाला ना?

उत्तर : रद्द झाला तो वेगळा. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेनं देशागणिक एआय चिपची मर्यादा ठरवणारा नियम काढला होता आणि सवलतीच्या अठरा देशांत भारत नव्हता. अंमल सुरू व्हायला दोन दिवस असताना, १३ मे २०२५ला, तो मागे घेत असल्याचं जाहीर झालं. प्रगत चिपवरचं ऑक्टोबर २०२२चं निर्यात-नियंत्रण आणि ऑक्टोबर २०२३मधली त्याची दुरुस्ती त्यामुळे संपली नाही.

भारत २०१८पासून अमेरिकेच्या ‘ए:५’ या विश्वासू देशांच्या गटात आहे, म्हणून भारतीय कंपनीला या चिपसाठी सहसा परवाना लागत नाही. पण खरेदीदाराचं किंवा त्याच्या मूळ कंपनीचं मुख्यालय चीनमध्ये असेल, तर माल नागपुरात उतरणार असला तरी लागतो. शिवाय हा कायदा मालाच्या मागोमाग येतो. उद्या तुम्ही तोच सर्व्हर दुबईला विकलात, तर ती पुनर्निर्यात ठरते आणि तिला परवाना लागू शकतो. पुरवठादार पत्र मागतो ते यासाठीच. त्याची अडवणूक समजू नका.

जीपीयू कार्ड नियंत्रणात येतं का, याचा हिशोब स्वतः करता येतो. डेटाशीटमधले टेराफ्लॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी गणितं) गुणिले त्या गणितांची बिटसंख्या. एनव्हिडिया कंपनीची दोन कार्डं पाहा. एच१०० (एसएक्सएम) : १,९७९ × ८ = १५,८३२. एल४०एस : ७३३ × ८ = ५,८६४. रेषा ४,८००ची, म्हणजे दोन्ही वर. इथे हमखास होणारी चूक अशी, की डेटाशीटवर एच१००चा आकडा ३,९५८ असा ठळक छापलेला असतो. तो ‘स्पार्सिटी’ (शून्य आकडे गाळून वेग वाढवण्याची युक्ती) धरून दुप्पट केलेला असतो, गणितात घ्यायचा नाही. आणि ४,८००च्या खाली आलं म्हणजे सुटलं असंही नाही. गुणाकार १,६०० किंवा जास्त असेल, तर त्याला चिपच्या चौरस मिलिमीटरमधल्या क्षेत्रफळानं भागतात. उत्तर ५.९२ किंवा त्याहून जास्त आलं, तर तेही कार्ड त्याच यादीत. एवढं करूनही कोटेशनवर वर्गीकरण क्रमांक लेखी मागाच. चिपसाठी ‘३ए०९०’, पूर्ण सर्व्हरसाठी ‘४ए०९०’ असा तो असतो.

पत्रात चार गोष्टी हव्यात : सर्व्हर प्रत्यक्ष बसणार तो पत्ता, नेमका वापर, मालकी कोणाची, आणि परवानगीशिवाय पुढे न विकण्याची हमी. गोदामाचा किंवा सीएचएचा (कस्टम्स एजंटचा) पत्ता घातला, किंवा पीओ (खरेदी आदेश) एका फर्मच्या नावानं आणि पत्र दुसऱ्या फर्मचं असलं, की फाइल थांबते. मधे ट्रेडर असेल तर त्याचंही नाव साखळीत दाखवा.

आपल्याकडची बाजूही विसरू नका. एचएसएन (मालाचा वर्गीकरण कोड) ८४७१मधल्या सर्व्हरना १ नोव्हेंबर २०२३पासून डीजीएफटीचं (परकीय व्यापार महासंचालनालयाचं) आयात प्राधिकारपत्र लागतं. ते हातात नसताना माल निघाला, तर कंटेनर डेपोत पडून राहतो आणि भाडं रोज चढतं. ॲडव्हान्स या सगळ्यानंतर.

प्रश्न : आम्ही आयटी पार्कमधली छोटी कंपनी. नोकरीच्या अर्जांची छाननी करणारं मॉडेल एका जर्मन कंपनीला देतो, ती ते स्वतःच्या नावानं विकते. युरोपचा एआय कायदा आम्हाला लागतो का?

उत्तर : लागतो, पण करारातून. नोकरभरती त्या कायद्यात ‘उच्च जोखीम’ गटात आहे. स्वतःच्या नावानं विकणारी जर्मन कंपनी ‘प्रोव्हायडर’ (कायद्यापुढे जबाबदार पुरवठादार), तुम्ही घटक पुरवणारे. कलम २५ नुसार दोघांत लेखी करार हवा, आणि तिला कायदा पाळता येईल इतकी माहिती व तांत्रिक मदत तुम्ही द्यायची. उद्या तुम्हीच तुमच्या नावानं तिथे विकू लागलात, तर प्रोव्हायडर तुम्ही. मग युरोपातला अधिकृत प्रतिनिधी आधी नेमावा लागतो.

मूळ कायद्यात या गटाची तारीख २ ऑगस्ट २०२६ आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये युरोपीय आयोगानं ती पुढे नेण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर विसंबू नका, ग्राहक कागद त्याआधीच मागतात. प्रशिक्षणाचा डेटा कुठून आला, स्त्री-पुरुषांसाठी चाचणीचे निकाल वेगवेगळे किती, कोणती आवृत्ती कधी दिली, हे आजपासून नोंदवा. प्रोव्हायडरला तांत्रिक कागदपत्रं दहा वर्षं आणि लॉग (प्रणालीच्या कामाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) किमान सहा महिने ठेवावे लागतात, म्हणून तुमच्याकडूनही तेवढंच मागितलं जाईल.

सगळ्यात जास्त घोटाळा आवृत्तीचा होतो. तुमच्या मॉडेलच्या पायाशी असलेलं मॉडेल तुम्ही दुसऱ्या कंपनीकडून एपीआयवरून (इंटरनेटद्वारे) घेत असाल आणि त्या कंपनीनं ते गुपचूप बदललं, तर तुमचे चाचणी-निकाल निरुपयोगी. आवृत्ती क्रमांक कोडमध्ये पक्का बांधा आणि बदलाची पूर्वसूचना करारात घाला. दंड दीड कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, छोट्या कंपनीला यातली कमी असेल ती रक्कम. जर्मन कंपनी तो भार भरपाईच्या कलमातून तुमच्यावर टाकू पाहील. कराराच्या रकमेइतकी कमाल मर्यादा लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : बुटीबोरीत आम्ही मोटर बनवतो. चीनमधून चुंबक उशिरा येतात. हाही एआयचाच नियम का?

उत्तर : नाही, पण अमेरिका-चीनच्या त्याच ओढाताणीतला. ४ एप्रिल २०२५पासून चीननं डिस्प्रोसियम, टर्बियम यांसह सात दुर्मिळ धातूंच्या निर्यातीला परवाना लावला. साध्या ‘एन’ ग्रेडच्या निओडिमियम चुंबकात हे धातू सहसा नसतात. १५० अंशांपर्यंत टिकणाऱ्या ‘एसएच’ ग्रेडपासून पुढे बहुधा असतात. पुरवठादाराकडून रासायनिक घटकांचा दाखला घ्या, आणि मोटर खरोखर किती तापते ते मोजा. ८० अंशांच्या खालीच राहत असेल, तर वरचा ग्रेड मागवून परवान्याच्या रांगेत कशाला उभं राहायचं?