कोविडच्या काळात कॅन्सरचं निदान उशिरा झालं, त्याचा रुग्णांच्या जगण्यावर खरंच परिणाम होतो का?

हो, होतो. मार्च ते मे 2020 मध्ये देशातल्या 41 कॅन्सर केंद्रांत नवीन रुग्णांची नोंदणी 2019 च्या त्याच महिन्यांच्या तुलनेत 54 टक्क्यांनी घटली. मोठ्या शस्त्रक्रियाही जवळपास निम्म्यावर आल्या. आजार कमी झाला नव्हता. माणसं दवाखान्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. रेल्वे-एसटी बंद, त्यात संसर्गाची धास्ती. गाठ मात्र लॉकडाऊन पाळत नाही. शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली तरी मृत्यूचा धोका साधारण 6 ते 8 टक्क्यांनी वाढतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. तोंडातला न भरणारा व्रण किंवा स्तनातली गाठ तेव्हा अंगावर काढली असेल, तर कृपा करून याच आठवड्यात दाखवा.