सप्ताहाच्या भोंग्यावर स्टेटस टाकलं, तर ‘भावना दुखावल्या’चा गुन्हा होतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गावात हरिनाम सप्ताह, भोंगा रात्री साडेअकरापर्यंत, घरात बहिणीची बारावी. तुम्ही स्टेटसला लिहिलं, ‘देवाला ऐकायला कमी येतं का?’ लगेच गावच्या ग्रुपमधून तुम्हाला काढलं. आता दोघेजण म्हणतात, भावना दुखावल्याची तक्रार देतो. आणि तुम्ही विचारताय, की संविधानाने बोलायचं स्वातंत्र्य दिलंय, मग हे चालतं कसं?

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात बावीस वर्षं वकिली करतोय. असा माणूस दर सणाला एक तरी येतो.

ग्रुपचं आधी संपवू. संविधानाचं कलम १९, म्हणजे बोलायचं स्वातंत्र्य, तुम्हाला सरकारपासून वाचवतं, अ‍ॅडमिनपासून नाही. त्याने काढलं, विषय संपला. बिचारे अ‍ॅडमिनही घाबरलेले असतात. दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजची शिक्षा आपल्याला होईल असं त्यांना वाटतं. अ‍ॅडमिनचा स्वतःचा त्यात हात नसेल तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याच्यावर गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. पण गावात ते कुणी वाचत नाही.

आता तक्रार. हे लोक ज्या कलमाचं नाव घेतात ते भारतीय न्याय संहितेचं २९९, म्हणजे जुन्या दंड संहितेचं २९५-अ. इंग्रजांनी १९२७ साली घातलेलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि अजामीनपात्र. म्हणून धमकी द्यायला सोयीचं. पण त्यातले ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ हे शब्द धमकी देणारा कधीच वाचून दाखवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम टिकवलं ते या शब्दांच्याच जोरावर. धर्माचा प्रत्येक अपमान त्यात बसत नाही. मुद्दाम, द्वेषाने केलेला बसतो. कुणाला वाईट वाटलं एवढ्याने २९९ लागत नाही. तुमचा टोमणा आवाजावर आहे, देवावर नाही. आणि तसा टोमणा कबीराने कितीतरी आधी मारून ठेवलाय.

शब्द मोजायचे कुणाच्या मापाने? याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते नागपुरातून आलं. १९४६ साली, संविधान व्हायच्या आधी, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं की बोलण्याचा परिणाम समंजस आणि खंबीर मनाच्या माणसावरून जोखायचा. प्रत्येक विरोधी मतात ज्याला धोका दिसतो अशा कच्च्या मनाच्या माणसावरून नाही. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढींच्या कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच माप पुन्हा काढलं आणि गुन्हा रद्द केला. शिवाय पोलिसांनाही बजावलं: तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचे असे गुन्हे असतील, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) १७३(३) खाली उपअधीक्षकांची परवानगी घेऊन आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करावी.

हे झालं कागदावरचं. ठाण्यात काय होतं? आयटी कायद्याचं ६६-अ, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मेसेजला गुन्हा ठरवणारं कलम, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, श्रेया सिंघल प्रकरणात. त्यानंतर दोन वर्षांनी माझ्याकडे एका पोराचा एफआयआर आला, त्यात ६६-अ ठळक अक्षरात! अंमलदारांना सांगितलं, तर म्हणाले, ‘वकीलसाहेब, आमच्या फॉर्मॅटमध्ये आहे.’ पोरगा सुटला, पण त्याचे पाच महिने तारखांत गेले. म्हणून म्हणतो, कायदा तुमच्या बाजूने आहे यावर निर्धास्त राहू नका. स्टेटसचा पूर्ण स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जपून ठेवा, कारण अर्धा कापलेला गावभर फिरतोच. ठाण्यातून फोन आला तर ‘३५(३) ची लेखी नोटीस द्या, मी हजर होतो’ एवढंच नम्रपणे म्हणा. नागरिक सुरक्षा संहितेतली ही नोटीस म्हणजे अटक न करता चौकशीला बोलावणं. २९९ मध्ये सरकारची पूर्वमंजुरी असल्याशिवाय कोर्ट दखल घेऊ शकत नाही. आणि गुन्हा नोंदवलाच, तर तो रद्द करायला छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ आहे. आपले जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे तिथेच येतात.

सप्ताहवाल्यांचीही बाजू आहे. कलम २५ त्यांना धर्म पाळायचा, सांगायचा हक्क देतं. फक्त त्या कलमाची सुरुवातच ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून’ अशी होते. कीर्तन हा हक्क आहे, भोंगा नाही. २००० साली चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, आणि आपल्याकडे ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. सप्ताहाची ती रात्र त्या यादीत होती का, हे आधी बघा. नियम मशिदीला, सप्ताहाला, लग्नाच्या डीजेला एकच.

आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवालाही. गेल्या श्रावणात आमच्याच भाऊबंदकीत कानबाईच्या जागरणाला रात्री एकपर्यंत डीजे वाजला. मी काळ्या कोटातला माणूस, तोंड उघडलं तर काका म्हणाले, ‘तुले काय करनं शे?’ बसलो गप्प. तेव्हा तुम्ही निदान स्टेटस तरी टाकलं.

पण भो, स्टेटसने भोंगा बंद होत नाही. पुढच्या खेपेला दहा वाजून पाच मिनिटांनी ११२ ला फोन लावा, आणि पेपरच्या तारखा लिहिलेला अर्ज सप्ताह समितीला आदल्या आठवड्यातच देऊन पोच घ्या.