सूसच्या बंगल्यात स्विमिंग पूल: कोटेशन पावणेपंधरा लाखांचं, खर्च किती?

प्रश्न पुण्यातल्या सूसच्या एका वाचकांचा. वय ४६, पत्नी ४३, दोघंही नोकरीत, हातात येणारा पगार मिळून महिना २ लाख ६० हजार. गृहकर्जाचे ३८ लाख बाकी, हप्ता ४२,२००, अजून १२ वर्षं. घरखर्च १ लाख १० हजार. शाळा-क्लासच्या फिया आणि विम्याचे हप्ते महिन्यावर पसरले तर २९,८००. एसआयपी ४५,०००. एफडीत ९ लाख, म्युच्युअल फंडात ३४ लाख. मुलगी अकरावीत, मुलगा पाचवीत. बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत २६ बाय १३ फुटांचा पोहण्याचा टँक बांधायचं कोटेशन आलंय १४ लाख ७५ हजारांचं. एफडीतले पावणेसहा लाख मोडायचे, उरलेल्या ९ लाखांसाठी गृहकर्जावर टॉप-अप (त्याच कर्जावर वाढीव कर्ज), ९ टक्के, १० वर्षं, हप्ता ११,४००. महिन्याला ३३,००० शिल्लक राहतात, तेव्हा सहज झेपेल ना, असा सवाल. शिवाय घरात एक विचार असाही आहे की वीकेंडला भाड्याने दिला तर देखभालीचा खर्च सुटेल.

आधी उत्तर: हा टँक, या पैशांतून, आत्ता बांधू नका. टँक हौसेचा आहे म्हणून हे म्हणत नाही. हौसेला पैसे घालावेत, त्यासाठीच कमवतो आपण. तुमचा हिशोब कोटेशनच्या आकड्यावर थांबलाय, अडचण ती आहे.

ते कोटेशन पुन्हा एकदा काढून शेवटचं पान वाचा. बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असणार. बांधकामाच्या अशा कंत्राटावर १८ टक्के, म्हणजे २ लाख ६५ हजार. आकडा लगेच १७ लाख ४० हजारांवर जातो. त्याखाली ‘खोदाईत कठीण खडक लागल्यास जादा दर’ ही ओळ असेल. आपल्याकडे मुरमाखाली काळा पाषाण किती फुटांवर लागेल हे खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही. भिंतीची जाडी आणि काम करायला जागा धरली तर तुमचा खड्डा साधारण ३० बाय १७ फूट, सरासरी ६ फूट खोल, म्हणजे ३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). खणलेला माल फुगतो, बाहेर न्यायला ४० ते ४५ ब्रास भरतो. ब्रेकरचे तास, डंपरच्या खेपा आणि बाहेर जाणाऱ्या मालाची गौण खनिजाची रॉयल्टी (माती-मुरमावर सरकारला द्यायचं शुल्क) कोण भरणार, हे तिन्ही लेखी नसेल तर ते तुमच्याच खिशातून जातं. सव्वा लाख धरा. खरं तर दोन-तीन हजार खर्चून जेसीबीने एक चाचणी खड्डा आधीच काढून बघावा. इतका स्वस्त विमा दुसरा नाही.

टँकभोवतीचा डेक, म्हणजे चालायचा फरसबंद काठ, कोटेशनमध्ये नसतोच. सगळीकडून पाच फूट धरला तर ४९० चौरस फूट, न घसरणाऱ्या टाइल्ससह दीड लाख. त्याबाहेर चार फुटी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक, ११८ रनिंग फूट, एक लाख पाच हजार. हे कुंपण वगळून पैसे वाचवायचा मोह होतो. तुमचा मुलगा पोहायला शिकेल हो, पण शेजारचं तीन वर्षांचं पोर शिकलेलं नसतं. वेगळी वायरिंग, अर्थिंग, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच), पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे: ६० हजार. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि परवानगीचं काम: ५० हजार. सामासिक अंतरात (प्लॉटच्या कडेने मोकळी सोडायची जागा) टँक बसतो की नाही हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या, आणि तुमचा प्लॉट सोसायटीतला असेल तर तिचं ना-हरकत पत्रही. हे सगळे माझे अंदाज आहेत, दर इकडेतिकडे होतील. बेरीज मात्र साधारण ४ लाख ९० हजार, आणि एकूण २२ लाख ३० हजार. कोटेशनच्या दीडपट.

आता दर महिन्याचं. तुमच्या टँकमध्ये ४१,००० लिटर पाणी मावेल. ते सहा तासांत एकदा सँड फिल्टरमधून फिरायला हवं, त्यासाठी एक एचपीचा पंप. तो रोज सहा तास चालला तर महिन्याला सुमारे १८० युनिट. एसी, गीझर असलेल्या बंगल्यात ही १८० युनिट वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. युनिटला १५ रुपये धरले तर २,७००. एप्रिल-मेमध्ये रोज सात मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरा, म्हणजे दिवसाला २२० लिटर, महिन्याला ६,६००. त्यात आठवड्याच्या बॅकवॉशचे (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) दर वेळी ५०० लिटर आणि पोरांनी उडवलेलं पाणी. थोडक्यात, उन्हाळ्यात दर महिन्याला दहा हजार लिटरचा एक टँकर. सूस २०२१ मध्ये महापालिकेत आलं, पण टँकरची सवय तुम्हाला मी सांगायला नको. खडकवासला साखळीतला साठा खाली गेला की कपात लागते, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला टँक भरलेला हवा असतो. बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी लॅबमधून कठीणपणा तपासून घ्या. ४०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४०० भाग) वर असेल तर टाइल्सवर आणि हीटर असल्यास त्याच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, आणि तो घासायचा खर्च वेगळा.

क्लोरीन १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८ असा ठेवायचा, त्यासाठी केमिकल्सचे महिना अडीच हजार. आठवड्यातून तीनदा येऊन व्हॅक्युम मारणारा, गाळणी साफ करणारा माणूस: पाच हजार. टँकर धरून महिना साधारण १२,०००. त्याशिवाय पाचेक वर्षांनी फिल्टरची वाळू, सात-आठ वर्षांनी पंप, दहाएक वर्षांनी टाइल्सच्या सांध्यांचं ग्राउटिंग आणि फुटक्या टाइल्स. त्यासाठी महिना ३,००० बाजूला. झाले १५,०००. पोहा किंवा नका पोहू. आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या थंडीत कोणी उतरत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये फारसं मन होत नाही. खरे वापराचे महिने पाच-सहा.

आता तुमचा ताळा पुन्हा मांडू. २२ लाख ३० हजारांतून एफडीचे पावणेसहा लाख वजा केले तर टॉप-अप १६ लाख ५५ हजारांचा लागेल. हप्ता २०,९६५, दहा वर्षांत व्याज ८ लाख ६० हजार. हप्ता आणि देखभाल मिळून महिना ३६,०००, शिल्लक ३३,०००. म्हणजे पहिल्या महिन्यापासून तीन हजार कमी, आणि ही तूट एसआयपीतून भरली जाईल, कारण दुसरीकडे कात्री लावायला जागा नाही. बँक कदाचित म्हणेल की टॉप-अप उरलेल्या १२ वर्षांवर टाकू, हप्ता कमी होईल. होईल, पण व्याज वाढेल. मोबाइलवर येणारं ‘प्री-अप्रूव्ह्ड’ पर्सनल लोन तर बघूच नका: १३ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता ३७,६०० च्या पुढे जातो.

एफडीची गोष्ट त्याहून नाजूक आहे. घरखर्च, हप्ता, फिया-विमा मिळून तुमचं महिन्याचं न टळणारं देणं १ लाख ८२ हजार. सहा महिन्यांचा आणीबाणी निधी म्हणजे १० लाख ९२ हजार. तुमच्याकडे ९ लाख आहेत. तो निधी आजच दोन लाखांनी कमी आहे, आणि तुम्ही त्यातले पावणेसहा जमिनीत घालायला निघालात. उरतील सव्वातीन लाख, दोन महिन्यांचेही नाहीत. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर टँकचा हप्ता चालू राहील आणि पंपही, कारण पंप बंद केला की उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत पाणी हिरवं होतं.

म्युच्युअल फंडातून काढावे का, हा पुढचा प्रश्न येणारच. त्यातले पहिल्या दोन वर्षांच्या फीचे पैसे तुम्हाला मुलीच्या बारावीनंतर लागणार आहेत. ते आत्तापासून हळूहळू इक्विटीतून काढून डेट फंडात किंवा एफडीत न्या, टँक असो वा नसो. बाकीचे तुमच्या निवृत्तीचे. इक्विटी फंड वर्षभर ठेवून विकले तरी वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहेच.

करबचतीची आशा धरू नका. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जव्याजाला वजावट नाही. जुनी प्रणाली निवडत असाल तरी तुमच्या गृहकर्जाचं व्याजच २ लाखांच्या मर्यादेच्या वर आहे, टॉप-अपला त्यात जागा उरत नाही. एक फायदा मात्र दूरचा आणि खरा आहे: घर विकाल तेव्हा टँकचा खर्च सुधारणेचा खर्च म्हणून भांडवली नफ्यातून वजा मागता येतो. त्यासाठी जीएसटीचं बिल आणि बँकेतून दिलेले पैसे हवेत. ‘रोख दिलेत तर जीएसटी सोडतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा. घराची किंमत वाढेल या हिशोबाने मात्र एक रुपयाही घालू नका. सूस-बावधनकडे बंगल्याचं मोल जमिनीत असतं. टँक पाहून एखादा गिऱ्हाईक खूश होतो, एखादा बुजवायचा खर्च विचारतो.

भाड्याचा विचार सोडून द्या. तासावर पैसे घेतले की तो व्यवसाय होतो. राहत्या घराची मिळकत करातली ४० टक्के सवलत धोक्यात येते, वीज घरगुती दराने मिळण्याचा हक्क जातो, आणि जीवरक्षक न ठेवता परक्या माणसाला पाण्यात सोडणं म्हणजे अपघात झाला तर पोलीस केस. महिन्याला चार पार्ट्यांच्या भाड्यासाठी हे कोणी अंगावर घेऊ नये.

मग काय करावं? ३३,००० ची शिल्लक दर महिन्याला आरडीत टाका, दोन वर्षं, जणू टँकचा हप्ता चालूच आहे अशा शिस्तीने. व्याजासकट ८ लाख ४० हजारांच्या आसपास जमतील. त्यातले १ लाख ९० हजार आणीबाणी निधीत, उरलेले साडेसहा लाख टँकसाठी. आणि टँक लहान करा: १६ बाय १० फूट, चार फूट खोल, १८,००० लिटर. डेक, कुंपण, करासकट साडेदहा लाखांत बसवता येईल. चार लाखांचा टॉप-अप पाच वर्षांचा, हप्ता ८,३००, देखभाल ८,०००. शिलकीच्या निम्म्यात. शिवाय फ्लोटिंग दराच्या या कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नसतो, बोनस आला की टाकत चला. लहान टँकमध्ये पल्ल्याचं पोहणं होणार नाही हे खरं. त्यासाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल तुमच्यापासून जवळ आहे, आणि मुलाला पोहायला शिकवायला दोन वर्षं थांबायची गरजही नाही.

बांधायला घ्याल तेव्हा काम ऑक्टोबरमध्ये सुरू करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांनाच उन्हाळ्याआधी हवा असतो, तेव्हा कंत्राटदार भाव देत नाही. पावसाळ्यात उघडा खड्डा भरतो, कडा ढासळतात. काळी माती असेल तर ती पूर्ण काढून मुरमाची भर घ्या, नाहीतर ती फुगते-आकसते आणि भिंतीला तडा जातो.

फायबरची तयार टाकी स्वस्त पडते, पण हलकी असते, आणि पावसाळ्यात हलकेपणाच नडतो. तुमच्या मूळ मापाच्या टँकचा तळ ३१ चौरस मीटर. भूजल तळापासून दीड मीटर चढलं तर त्या तळाला खालून ४६ टनांहून जास्त वर उचलणारा जोर लागतो. रिकामी आरसीसी टाकीसुद्धा ३५ ते ४० टनांचीच. म्हणून जुलैत ‘साफ करायला’ टँक उपसला की तळ फुगून वर येतो. तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खालून दाब आला की भूजल टाकीत घेणारी झडप) बसवून घ्या, आणि पावसाळ्यात टँक रिकामा करू नका.

पैसे टप्प्याने द्या: सही करताना १० टक्के, खोदाई आणि पीसीसी (तळाचा साधा काँक्रीटचा थर) झाल्यावर १५, आरसीसी टाकीची पाणी-चाचणी पास झाल्यावर ३०, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्सला २५, पंप-फिल्टर चालू झाल्यावर १५. पाणी-चाचणी टाइल्स लावायच्या आधी. सात दिवस टाकी भरून ठेवायची, पातळीवर खूण करायची, आणि पायरीवर त्याच पाण्याने भरलेली बादली ठेवायची. बादलीतलं आणि टाकीतलं पाणी सारखंच उतरलं तर ते उन्हाने उडालं. टाकीतलं जास्त उतरलं तर गळती आहे, आणि ती शोधून बंद होईपर्यंत ३० टक्क्यांचा चेक फाडायचा नाही. शेवटचे ५ टक्के एक पावसाळा गेल्यावर, हे कंत्राटात आधीच लिहून घ्या. याला तयार नसलेला कंत्राटदार बदला.