ठाणे स्टेशनात १८५३ सालचं काय बघायला मिळेल?

तुमचा प्रश्न असा आहे की, देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे आली त्या ठाणे स्टेशनात त्या काळचं काही उरलंय का आणि त्यासाठी मुद्दाम यावं का. मी नौपाड्यात वाढलो, शाळेपासून नोकरीपर्यंत याच स्टेशनातून ये-जा केली. जरूर या, पण जुनी इमारत शोधू नका. इथलं जुनेपण रुळांच्या वाटेत आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीहून, गाडी निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि ३४ किलोमीटरचा प्रवास. आगीनगाडी बघायला लोक रुळांच्या दोन्ही बाजूंना जमले होते. त्या प्रवासाच्या दोन टोकांपैकी बोरीबंदर हे नाव स्टेशनावरून कधीच गेलं. ठाणं मात्र अजून ठाणंच आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, खाडी ओलांडून रूळ कल्याणला पोचले. वाटेत पारसिकचा डोंगर आडवा होता, म्हणून गाडी त्याच्या कडेकडेनं मुंब्र्याला वळसा घालून गेली. १९१६ साली डोंगर पोखरून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि फास्ट गाड्या त्यातून जाऊ लागल्या. लहानपणी बोगदा आला की आम्ही मुलं जोरात ओरडायचो, डबाभर आवाज घुमायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा दरम्यान पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून बोगदा लांबच्या गाड्यांना गेला आणि फास्ट लोकलही कळवा-मुंब्र्याकडून धावतात. आता तो अंधार लोकलमधून भेटत नाही. वेळेवर घरी पोचणं महत्त्वाचं हे कळतं मला, तरी चुकल्यासारखं होतं.

स्लो लोकल मात्र आजही १८५४ चाच वळसा घेते.

स्टेशनात बाकी सगळं नवं आहे. २००४ मध्ये वाशीकडची ट्रान्सहार्बर लोकल सुरू झाली आणि दहा नंबरच्या फलाटाकडे वेगळीच गर्दी लोटली. मे २०२४ च्या अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे रुळांवरची वाहतूक थांबवून, पाच नंबरचा फलाट रुंद केला. रोजच्यांना तो ब्लॉक जड गेला, पण संध्याकाळी त्या फलाटावर उभं राहून जीव मुठीत धरलेल्या माणसाला विचारा, ते दोन-तीन मीटर किती मोलाचे आहेत. बाहेर पश्चिमेला बी केबिन नावाचा भाग लागेल. ते नाव रेल्वेच्या सिग्नल केबिनवरून पडलं. तिथे राहणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसतं.

यायचंच तर असं करा. सीएसएमटीहून साडेतीनच्या सुमाराची कल्याण स्लो पकडा, म्हणजे त्या पहिल्या गाडीच्याच वेळेला निघाल. ठाण्याला उतरून पूल, फलाट, बी केबिन बघा आणि गर्दी व्हायच्या आत पुढची कल्याण स्लो घ्या. गाडीच्या दिशेनं डावीकडची खिडकी मिळवा. कळवा सुटलं की उजवीकडे डोंगर, वर मुंब्रादेवी आणि तुमच्या खिडकीत खाडी. गाडी वळायला लागली की समजा, तुम्ही त्या जुन्या वाटेवर आहात.