वर्षभराचं तेल, चार महिन्यांची नदी

प्रश्न : अलास्कात युकॉन नदीकाठच्या बहुतेक गावांना रस्ता नाही. मग वीज आणि ऊब कशावर चालते?

उत्तर : मुख्यतः डिझेलवर. मे महिन्यात नदीवरचा बर्फ फुटला की उन्हाळाभर बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नौका, गावोगावच्या टाक्या भरतात. तेव्हाचा तेलाचा भाव मग हिवाळाभर बोकांडी बसतो. नदी उथळ राहिली तर बार्ज अडतो, तेल विमानानं येतं आणि खिसा रिकामा होतो. कडाक्यात साधं डिझेल घट्ट होतं, म्हणून पातळ ‘नंबर एक’ प्रतीचं डिझेलच घ्यावं.

खरी मेख घरच्या टाकीतल्या पाण्याची. ओलावा तळाशी साचतो, नळीत किंवा फिल्टरमध्ये गोठतो आणि तेलावरची शेगडी नेमकी रात्री विझते. थंडीआधी तळाची तोटी उघडून स्वच्छ तेल येईपर्यंत पाणी काढायचं, फिल्टर बदलायचा. जोडीला स्प्रूसची (तिथल्या सूचिपर्णी झाडाची) सुकी लाकडं हवीतच.