खुब्याचा सांधा बदलून वर्ष झालं तरी दुखतंय. पुढे काय करावं?

दुखतं कुठे, ते आधी बोटाने दाखवा. जांघेत असेल तर संशय खुब्याच्या खोबणीत बसवलेल्या कृत्रिम वाटीवर, किंवा तिच्या कडेला घासणाऱ्या स्नायूवर. मांडीत, तेही खुर्चीतून उठून पहिली पावलं टाकताना, तर मांडीच्या हाडात बसवलेला कृत्रिम सांध्याचा दांडा सैल झालेला असू शकतो. त्या कुशीवर झोपल्यावर बाहेरच्या बाजूला दुखणं बहुधा स्नायूंचं. फिजिओथेरपीने बऱ्याचदा कमी होतं. कळ गुडघ्याखाली उतरत असेल तर कंबरेचा मणका तपासा.

बसल्या जागी, रात्रीही दुखतं? मग जंतुसंसर्ग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरायचं. ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या करा. वाढलेले असतील तर सांध्यातलं पाणी सुईने काढून कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते लॅबमध्ये पाहणं. त्याआधी ‘बघू तर’ म्हणून अँटिबायोटिक नको, त्याने कल्चरमध्ये जंतू बऱ्याचदा उगवत नाहीत. ताप आला किंवा जखम स्रवू लागली तर त्याच दिवशी सर्जन गाठा.

जुने एक्स-रे तारखेनुसार लावून न्या, सैलपणा तुलनेतच दिसतो. फाइलमधलं इम्प्लांटचं (बसवलेल्या कृत्रिम सांध्याचं) स्टिकरही न्या: २०१० मध्ये परत मागवलेला डेप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा सांधा असेल तर रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासावं लागतं.

कारण सापडलेलं नसताना ‘उघडून पाहू’ म्हणणाऱ्याला होकार देऊ नका. दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, शक्यतो रिव्हिजन (बदललेला सांधा पुन्हा बदलण्याची शस्त्रक्रिया) नेहमी करणाऱ्याचं.