वाचकांचे प्रश्न : ‘जे-२’ आणि दर्यावर्दी पूर्वज

प्रश्न : माझे आजोबा बेतूलला गलबतावर तांडेल होते. मुलाने केलेल्या डीएनए चाचणीत आमचा पितृवंशीय गट ‘जे-२’ निघाला. हा गट फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरील प्राचीन) दर्यावर्दींचा असल्याचे वाचले. आमचे पूर्वज समुद्रमार्गे गोव्यात आले, असे मानावे काय? – एक वाचक, मडगाव

उत्तर : तसे मानता येणार नाही. जे-२ हा वाय गुणसूत्राचा एक गट असून, हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. आपल्याकडे देवस्थानचे महाजनपण पुरुषवंशाने चालते, तसेच हे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, भूमध्य समुद्राकाठी जिथे फिनिशियनांच्या वसाहती होत्या तिथे शेजारच्या प्रदेशांपेक्षा जे-२ अधिक आढळला, आणि या गटाची दर्यावर्दी कीर्ती बव्हंशी तिथूनच पसरली. परंतु जे-२ हा टायर, सिडॉन ही फिनिशियन बंदरे वसण्याच्या हजारो वर्षे आधी पश्चिम आशियात उद्भवला असून, भारतात तो समुद्राशी काडीचा संबंध नसलेल्या अनेक समाजांतही सापडतो. शिवाय २०२५ मध्ये प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएवरून असे दिसले की, कार्थेज या उत्तर आफ्रिकेतील फिनिशियन वसाहतीच्या प्रभावाखालील पश्चिमेकडील नगरांतील लोकांत लेबनॉनकडचा वंशांश फारच थोडा होता. भाषा आणि दैवते पोहोचली, माणसे मात्र बहुतांशी इतर ठिकाणची. (आडनावावरून मूळ गाव शोधणाऱ्यांनाही हा अनुभव येतोच.)

दहा पिढ्या मागे गेल्यास आपल्या वंशवृक्षात १०२४ जागा भरतात, आणि ही चाचणी त्यांतील एकाच पुरुषाबद्दल बोलते. अहवालात उपशाखा दिली असल्यास ती कळवावी. नुसत्या ‘जे-२’पेक्षा तिच्यावरून अधिक सांगता येईल.